तास कसला, पंचवीस मिनिटं!

गेल्या अंकात जीवधन किल्ल्याचा माझा एक फोटो छापून आला. कड्यावर तांबूस ऊन, मागे शाईसारखं काळं आभाळ. खाली मी एकच ओळ लिहिली होती, 'हे ऊन चार मिनिटं टिकलं.' त्या चार मिनिटांनी माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग करून ठेवला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, जुन्नरला मी ३४ वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, मुंजी, पासपोर्ट आणि शाळांचे ग्रूप फोटो यांवर घर चाललं, उरलेल्या वेळात डोंगर केले. उत्तरं त्या हिशेबानं घ्या. 'कोणता कॅमेरा घेऊ' असं विचारणारी सतरा पत्रं बाजूला ठेवली आहेत. ते दुकानदाराला विचारा, त्याला जास्त आनंद होईल.

सूर्योदयानंतर तासभर सोनेरी उजेड मिळतो असं वाचून डिसेंबरात पहाटे नाणेघाटात गेलो. साडेसातलाच ऊन पांढरं पडायला लागलं. जीवधनचा कडा तर अख्खा काळा आला. कुठे चुकलं?
— एक वाचक, कल्याण

अर्धी चूक पुस्तकाची, अर्धी तुमची. पुस्तकाची आधी सांगतो.

हा 'गोल्डन अवर' वरच्या देशांतून आला आहे. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. डिसेंबरात तिथला सूर्य भिंत धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा क्षितिजाच्या कडेकडेनं सरकतो, भर मध्यान्हीलाही जेमतेम १५ अंश वर येतो. तिथल्या फोटोग्राफरला तास मिळतो, कधी त्याहून जास्त. आपलं जुन्नर १९ अंशांवर. इथे तोच सूर्य शिडी लावल्यासारखा चढतो, डिसेंबरात तासाला साधारण १३ अंश आणि मार्च-सप्टेंबरात १४. ऊन सोनेरी राहतं ते सूर्य क्षितिजापासून सहाएक अंशांच्या आत असेपर्यंत. करा भागाकार. पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटं! त्यात तुम्ही ट्रायपॉडचे पाय लांब करण्यात दहा घालवलीत तर उरलं काय?

ट्रेकवाल्यांचा एक नुस्खा आहे. हात लांब करून बोटं आडवी धरायची आणि सूर्य क्षितिजाच्या किती बोटं वर आहे ते मोजायचं. एका बोटाला पंधरा मिनिटं. हा हिशेबही तिकडचाच. एक बोट म्हणजे साधारण दोन अंश, आणि आपल्याकडे दोन अंशांना आठ-नऊ मिनिटं पुरतात. चार बोटं ऊन शिल्लक आहे म्हणून निवांत पोहे खात बसलेली मंडळी मी घाटात बरीच पाहिली आहेत.

आता तुमची चूक. नाणेघाट पश्चिमेकडे तोंड करून बसलेला आहे, जीवधनचा कोकणाकडचा कडाही पश्चिमेलाच बघतो. सकाळी त्याच्यावर ऊन येणार कुठून? त्याची वेळ संध्याकाळची. तीही सगळ्या महिन्यांत सारखी नाही. नाणेघाटाच्या पठारावरून जीवधन दक्षिणेला दिसतो. डिसेंबरात सूर्य मावळतो पश्चिमेच्या २५ अंश डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येच्या बाजूला सरकून, आणि तुमच्या समोरच्या बाजूला झुकतो. तेव्हा जीवधनलगतचा वानरलिंगीचा सुळका काळा कापून काढायचा असेल तर जा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर सूर्य बरोबर उजव्या हाताला उतरतो. ऊन कड्याला आडवं घासून जातं आणि एकेक भेग, एकेक थर वर येतो. मला विचाराल तर जीवधनचा महिना मार्च. धुरकट असलं तरी.

पण तुम्ही डिसेंबरात सकाळी गेलाच होतात, तर एक गोष्ट तुमच्या समोर घडत होती आणि तुम्ही जीवधनकडे बघत बसलात. सूर्य मागे उगवला की घाटमाथ्याची सावली खाली कोकणात पडते. कडा पायथ्यापासून साधारण ७०० मीटर उंच धरा. सूर्य ५ अंशांवर असताना ती सावली ८ किलोमीटर लांब जाते, १० अंशांवर आला की ४ उरते. म्हणजे सात पंचवीस ते पावणेआठ-सात पन्नास या वेळात सावलीची कड चार किलोमीटर मागे, तुमच्या दिशेनं येते, चालत्या माणसाच्या दुप्पट वेगानं. लांबच्या वाड्या आधी उजळतात, मग जवळच्या, मग वैशाखऱ्याच्या बाजूची झाडी. चुलींचा धूर तळाशी साचलेला असतो, त्यामुळे ती कड हवेतसुद्धा दिसते. पुढच्या वेळी लांब लेन्स घ्या आणि खाली बघा.

मोबाईलवर आकाश छान आलं की डोंगर काळा येतो, डोंगर आला की आकाश पांढरं. डोळ्यांना मात्र दोन्ही दिसतं. असं का?
— कॉलेजातली विद्यार्थिनी, संगमनेर

तुला अहो-जाहो करत नाही, माझी नात तुझ्याच वयाची आहे.

डोळा एका जागी थांबत नाही. आभाळाकडे वळला की बाहुली बारीक, डोंगराकडे वळला की मोठी, आणि मेंदू दोन्ही जोडून तुला एकच चित्र दाखवतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच माप घेता येतं. म्हणून काय गमवायचं ते तू ठरव, फोनला ठरवू देऊ नकोस. पडद्यावर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धर म्हणजे माप पक्कं होतं, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढ. डोंगर काळा पडेल. पडू दे! त्याची कड चांगली असली तर तो काळाच शोभतो. कड सपाट असेल तर मात्र तो फोटो घेऊच नकोस, नुसत्या काळ्या पट्टीला कोण बघणार.

हल्लीचे फोन तीन-चार फोटो आपसूक एकत्र करून सगळंच उजळ करतात. दिवाळीतल्या दुकानासारखं. सावलीच नाहीशी झाली तर ऊन कशावरून ओळखायचं? तुझ्या फोनमध्ये ते बंद करता येत असेल तर बंद कर.

आणि लेन्स पूस. हसू नकोस. बोटाचं तेल काचेवर असलं की सूर्यासमोर धरल्याबरोबर सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो, आणि पोरं म्हणतात फोन जुना झाला. सुती रुमालानं दोनदा पुसलंस तर पंचवीस हजार वाचतील.

पावसाळ्यात ढगांतून ऊन एखाद्याच शेतावर पडतं. धावत पळत कॅमेरा लावेपर्यंत ते निघून जातं. मिळालं तरी त्या जागी पांढरा चट्टा येतो. उपाय सांगा.
— एक वाचक, पुणे

या प्रश्नासाठी मी वाटच बघत होतो. असे पांढरे चट्टे मी स्वतः पैसे मोजून काढले आहेत.

१९९३ चा आषाढ. आपटाळ्यावरून घाटघरला गेलो होतो. पिशवीत स्लाइडचे दोन रोल. तेव्हाच्या पोरांना स्लाइड म्हणजे काय ते माहीत होतं, आताच्यांना सांगतो, फिल्मवरच थेट उमटलेलं पारदर्शक चित्र. निगेटिव्हमध्ये चूक झाली तर छापताना सावरता येते, स्लाइडमध्ये सावरायला काही नसतं. जे घेतलं तेच दिसतं. रोल धुवायला मुंबईला पाठवायचा, येईपर्यंत दहा-बारा दिवस. तर त्या दिवशी जीवधन ढगात, सगळं खोरं काळपट हिरवं, बायका इरली पांघरून भाताच्या आवणीला वाकलेल्या. मधूनच ढग फाटायचा आणि उन्हाचा कवडसा खाचरांवरून पळत जायचा. मी त्याच्यामागे बांधाबांधानं. चिखलात दोनदा बसलो. एक आजी कंबर सरळ करून बघत होत्या. म्हणाल्या, "पळतोस कशाला बाबा? ते बघ, किल्ल्यावरून उतरतंय. इथंच येईल."

आलंही. मी कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बघून फोटो घेतले, एका जागेवर बसून, भराभर बारा. बारा दिवसांनी स्लाइडी आल्या. आभाळ छान करडं, डोंगर छान करडा आणि ऊन होतं तिथे चुना सांडल्यासारखा पांढरा डाग. बाराच्या बारा.

मीटरला बोल लावण्यात अर्थ नव्हता, ते त्याचं काम करत होतं. फोटोतला नव्वद टक्के भाग काळपट, म्हणून ते म्हणालं उजेड कमी आहे, शटर जास्त वेळ उघडा. त्यात उन्हातला तुकडा जळला. माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले की कवडशातलं खाचर म्हणजे साधं उन्हातलंच खाचर. आजूबाजूला कितीही काळोख असो, सूर्य तोच, त्याचं ऊन तेवढंच. जुन्या फिल्मच्या डब्यांच्या कागदावर छापलेलं असायचं, लख्ख उन्हात आयएसओ १०० ला (ही फिल्मची उजेड टिपायची ताकद) एफ/१६ (हे लेन्सच्या भोकाचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि १/१२५ सेकंद. तेच माप इथे लागू. मी एफ/८ वर काम करतो, म्हणून १/५०० सेकंद. कॅमेरा मॅन्युअलवर टाकायचा, हे माप ऊन यायच्या आधीच लावून ठेवायचं आणि हात खिशात. पडदा काळा दिसेल, दिसू द्या. ऊन आलं की तो तुकडा बरोबर पेटतो आणि बाकीचं आपोआप गडद होतं. संध्याकाळी पाचनंतर ऊन नरम पडतं, तेव्हा एक स्टॉप, म्हणजे उजेड दुपटीनं, वाढवा, सूर्य अगदी खाली असेल तर दोन. हे सगळं मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलं होतं. चिठ्ठी अजून आहे, अक्षर पुसलं.

दुसरी गोष्ट आजींची. पळू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून येतात, म्हणजे ऊनही त्याच वाटेनं येतं. पश्चिमेच्या आभाळात ढगाला भोक कुठे आहे ते बघा आणि ते जिथून जाईल असं वाटतं तिथली एक जागा धरा. एखादं झाड, एखादं घर, एखादी चमकणारी खाचरांची रांग. ताशी ३६ किलोमीटरनं ढग जात असेल तर कवडसा एक किलोमीटर १०० सेकंदांत कापतो. लांबच्या टेकडीवर ऊन आलं की मनात आकडे मोजायला लागायचं. दहातले सात वेळा ते भलतीकडेच जातं. उरलेल्या तिनांवर माझ्या घरातल्या भिंती भरल्या आहेत.

ढगांतून खाली आलेले ते झोत पंख्यासारखे पसरलेले दिसतात ना, ते खरं म्हणजे एकमेकांना समांतर असतात. रेल्वेचे रूळ लांब जाऊन मिळाल्यासारखे दिसतात तसंच हे. म्हणून एक करून बघा. पश्चिमेला झोत भरात असताना पाठ फिरवा. हवेत पुरेसा दमटपणा असला तर पूर्वेलाही फिक्या पट्ट्या पुन्हा एका ठिकाणी जुळताना दिसतात. त्या दिशेला कोणी कॅमेरा धरत नाही. आणि चारनंतर ऊन-पाऊस चालू असेल तर पूर्वेलाच इंद्रधनुष्य शोधा. सूर्य ४२ अंशांच्या खाली असल्याशिवाय सपाटीवरून ते दिसत नाही, म्हणून भर दुपारी आशा धरू नका.

कॅमेरा ओला होण्याबद्दल सगळे विचारतात, तर तेही उरकतो. छत्री धरायला माणूस न्या, त्याला जेवू घाला. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून शेवटचे वीस मिनिटं काचा खाली करून या. घरी आल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. माझी एक लेन्स अशीच बुरशीनं गेली. आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसायचं. झाकण घट्ट बसणारा पोह्यांचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे. पोहे काढून.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून इंद्रवज्र नक्की केव्हा दिसतं? तीन वेळा संध्याकाळी जाऊन आलो, दिसलं नाही.
— एक वाचक, डोंबिवली

चौथ्यांदा संध्याकाळी गेलात तरी तिथे दिसणार नाही. इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं रंगीत कडं. त्यासाठी सूर्य पाठीमागे हवा आणि तुमची सावली समोरच्या धुक्यावर पडायला हवी. कोकणकडा पश्चिमेला बघतो. संध्याकाळी सूर्य तुमच्या तोंडावर असतो, सावली पडते मागे गवतात. सकाळी जा. मागच्या डोंगरावरून ऊन डोकावलं पाहिजे आणि त्याच वेळी खालची दरी ढगानं कड्याच्या थोडं खालपर्यंत भरलेली पाहिजे. ढग वर आला तर तुम्हीच त्यात बुडता, फार खाली गेला तर सावली विरते. पावसाळ्यातली उघडीप किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. खिरेश्वरहून टोलार खिंडीनं आदल्या दिवशी चढून मुक्काम केलात तरच सकाळ हाती लागते.

साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ साली छापलेल्या निबंधात या कड्यावरची अशी वर्तुळं नोंदवून ठेवली आहेत. आपल्या लोकांनी त्याच्या आधी कितीदा पाहिलं असेल कोण जाणे, आपल्याकडे लिहून ठेवायची सवय कमी.

मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा स्टुडिओतला मदतनीस पोरगा बरोबर होता. आम्ही दोघं हातभर अंतरावर पालथे पडलेलो. खाली ढगावर आमच्या सावल्या आणि रंगीत कडं. तो म्हणाला, "अण्णा, माझ्याच डोक्याभोवती आहे, तुमच्या नाही." मी म्हटलं, "अरे वेड्या, माझ्या डोक्याभोवती आहे." दोघंही खरं बोलत होतो. ज्याचे डोळे, त्याच्याच डोक्याच्या सावलीभोवती ते कडं. कॅमेरा डोक्यावर धरलात तर फोटोत ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येतं. म्हणून कॅमेरा डोळ्यापाशीच ठेवा, नाहीतर घरी आल्यावर बायको विचारेल, तेज हाताला कसं आलं?

धुक्यावर ऑटोफोकस भांबावतो, तो बंद करून लांबच्या डोंगरावर फोकस आधी नेमका करून ठेवा. धुकं पांढरं असतं आणि मीटर त्याला करडं करू बघतं, म्हणून अर्धा ते एक स्टॉप वाढवा. कड्याची कडा पुढे आलेली आहे, खाली काही नाही. उभं राहून वाकू नका. पोटावर झोपा, आणि पायाशी कुणीतरी बसलेला असू द्या.

आभाळासाठी ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली साधी अशी लेन्सपुढची काच) घ्यावा का? माझा मुलगा म्हणतो, आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, ऊनसुद्धा टाकता येतं.
— एक वाचक, नाशिक

समुद्रावर जात असाल तर घ्या, तिथे क्षितिज पट्टीनं आखल्यासारखं असतं. सह्याद्रीत त्याचा अर्धा गडद भाग डोंगराच्या डोक्यावरही बसतो. वानरलिंगी निम्मी उजळ, निम्मी काजळलेली, असे माझ्याकडे कितीतरी आहेत. त्यापेक्षा ट्रायपॉडवर दोन फोटो घ्या, एक आभाळासाठी, एक जमिनीसाठी, आणि मुलाला जोडायला सांगा. त्यात मला पाप वाटत नाही, दोन्ही उजेड तिथे होतेच. जे नव्हतं ते ऊन टाकायचं म्हटलं तर माझी हरकत आहे. नीतीचं जाऊ द्या, ते दिसतं! आभाळातला सूर्य डावीकडे आणि झाडांच्या सावल्याही डावीकडे, असे फोटो मला स्पर्धांमध्ये तपासताना सापडले आहेत. एकाला बक्षीस जाता जाता राहिलं.

मुलाला एवढं मात्र सांगा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की कॅमेरा संध्याकाळचा पिवळेपणा 'दुरुस्त' करायला जातो. तो उन्हाच्या चिन्हावर ठेवावा.

मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हाच फिरता येतं. पण फोटो सगळे धुरकट आणि सपाट येतात.
— एक शिक्षिका, अहिल्यानगर

मे महिन्यात दुपारी झोपा. मध्यावर तर असा एक दिवस येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. त्या उन्हात डोंगराला नाक-डोळे उरत नाहीत.

पण महिन्याच्या अखेरीस वळवाचे ढग चढतात, त्यासाठी जाग्या राहा. दुपारी चारला कापसाचा गोळा असतो तो सहापर्यंत ऐरणीसारखा पसरतो. तुमच्याकडे ढग पूर्वेला असेल आणि पश्चिम मोकळी असेल तर मावळतीचं ऊन त्या ढगाच्या अंगावर पडतं. पायाला जांभळा, वर केशरी, डोक्याला पांढरा. सूर्य बुडाला की निघू नका. खालची जमीन अंधारली तरी उंचावरच्या पातळ ढगांना दहा-पंधरा मिनिटं ऊन मिळत राहतं आणि खरा रंग तेव्हाच चढतो. नाणेघाटात दर रविवारी बघतो, सूर्य टेकला की शंभर माणसं टाळ्या वाजवून गाड्यांकडे वळतात. आभाळ पेटतं ते त्यांच्या पाठीमागे.

विजेचं मात्र ऐका. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर धातूचा ट्रायपॉड मिटवून पठारावरून उतरा आणि गाडीत बसा. फोटो राहिला तर राहिला.

वय ७३. गुडघ्यांनी संप केला आहे. वाईला घराच्या गच्चीवरून पांडवगड दिसतो, त्यापलीकडे आता जाणं नाही. मला यातलं काय जमेल?
— निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, तुमचा हेवा वाटला. पांडवगड तुमच्या उत्तरेच्या अंगाला आहे, म्हणजे वर्षभर तुम्हाला दर महिन्याला वेगळा डोंगर मिळणार. थंडीत सूर्य दक्षिणेकडून चालतो, किल्ल्याचा तुमच्याकडचा अंग त्याला समोरून मिळतो. डिसेंबरच्या सकाळी उगवती पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला असते, तेव्हा उतारावरच्या सोंडा एका बाजूनं उजळतात आणि नदीवरचं धुकं खाली पसरलेलं असतं. जूनमध्ये उगवती तितकीच उत्तरेला जाते. तेव्हा ऊन किल्ल्याच्या मागच्या बाजूनं येतं, फक्त कडा चमकते आणि तुमच्या बाजूला सावली. दुपारचा सूर्यसुद्धा मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दोन टोकांमध्ये ५० अंशांचा फरक पडतो, लांब केलेल्या हाताच्या पाच मुठी.

असं करा. गच्चीवर ट्रायपॉडचे तीन पाय जिथे टेकतील तिथे ऑइलपेंटचे तीन ठिपके द्या. लेन्स एकच, तिचं झूम चिकटपट्टीनं बांधून टाका. दर रविवारी सूर्योदयानंतर पंधराव्या मिनिटाला एक फोटो. घड्याळातली ठरलेली वेळ धरू नका, वाईचा सूर्योदय जूनमधल्या सहापासून जानेवारीतल्या सात-दहापर्यंत सरकतो, म्हणून पंचांगात बघा. पावसात किल्ला दिसणार नाही, तरी त्या रविवारचाही घ्या, नुसता पांढरा. ५२ झाले की पाठवा. संपादकांकडे चार पानं मी मागून ठेवतो. गच्चीला नव्यानं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी उरका. माझे ठिपके दोन वर्षांपूर्वी त्यातच गेले आणि शिवनेरीची सात वर्षांची रांग तिथे तुटली.

नाणेघाटात पहाटे चहा मिळतो का?
— पोस्टकार्ड, नाव नाही

त्या वेळी दुकानं उघडलेली नसतात. थर्मास न्या. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर गर्दीमुळे कधी कधी बंदीचे आदेश निघतात, ते आधी बघून निघा.